पौर्णिमेची ओहोटी

"कोन मेलं येनार हाय चिखल बघायला?"

हिराबाई माझ्यासमोर उभी राहून हसत होती. माशांची पाटी तिने किचनच्या मागच्या दाराशी उतरवली होती आणि शेफ पापलेटं निवडत होता. बाईचं लक्ष पाटीत नव्हतं. भिंतीवर मी चिकटवलेला कागद तिने शेफकडून वाचून घेतला होता, आणि आता पदर तोंडाला लावून ती खुदूखुदू हसत होती.

"काय झालं हिराबाई?"

"पुनवेला, सांजला, बोर्डवॉकवर जेवन? ह्ये कोनी लिवलं?"

"मी लिहिलं."

"तरीच," ती म्हणाली.

माझं नाव शुभांगी. मढच्या एका रिसॉर्टमध्ये मी बँक्वेट मॅनेजर आहे. साखरपुडा, बारसं, ऑफिसची पार्टी, आजोबांची पंच्याहत्तरी, जे काही चार माणसं जमवून जेवायला घालायचं असतं ते माझ्या गळ्यात. त्याआधी बावीस वर्षं मी अंधेरीच्या हॉटेलांत काढली. तिथे हॉल चार भिंतींचा असायचा. सकाळी जिथे भिंत दिसली तिथेच ती संध्याकाळीही असायची. समुद्राचं तसं नसतं, हे मला मढला येऊन चार महिने झाले तरी नीट कळलेलं नव्हतं.

तो भिंतीवरचा कागद म्हणजे फंक्शन शीट. पार्टी कुठे, किती वाजता, किती पॅक्स, काय जेवण, हे सगळं एका पानावर लिहून आम्ही किचन, हाउसकीपिंग, इलेक्ट्रिशियन सगळ्यांना वाटतो. पॅक्स म्हणजे माणसं. हॉटेलात माणसांना पॅक्स म्हणतात, का ते मला विचारू नका. या शीटवर लिहिलं होतं: खरात फॅमिली, चौदा पॅक्स, शनिवार, माघ पौर्णिमा, संध्याकाळी सहा ते साडेनऊ, बोर्डवॉक.

बोर्डवॉक म्हणजे आमच्या रिसॉर्टच्या मागे खाडीत गेलेला लाकडी रस्ता. खाली खांब, वर फळ्या, दोन्ही बाजूंना कठडा, आणि टोकाला वीस-पंचवीस माणसं बसतील असा चौथरा. मी आले तेव्हापासून त्याच्या फळ्या बदलायचं काम चालू होतं आणि तो पत्रे लावून बंद होता. नुकताच उघडला होता. माहितीपत्रकावर त्याचा फोटो आहे: खाली निळंशार पाणी, वर माणसं हातात ग्लास घेऊन हसतायत.

"हिराबाई, पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं ना?"

"असतं ना. मोट्टं उधान."

"मग पाणी भरपूर असणार की."

"दुपारला गो बाय, दुपारला! सांजला सुकती." सुकती म्हणजे ओहोटी. तिने बोटं पुढे केली. "तिथीची पाऊनपट कर. पुनव म्हनजे पंधरा. पंधराची पाऊनपट किती?"

मी मनात हिशेब केला. "सव्वाअकरा."

"आपल्या खाडीत शिरायला आनखी सवा तास धर. म्हनजे दुपारचे साडेबारा. तितनं सहा तास मोज."

मोजले. साडेसहा आले. खरात फॅमिलीचं वेलकम ड्रिंक साडेसहाला होतं.

"आनि उधानाचं पानी जेवडं वर चडतं तेवडंच खाली जातं," हिराबाईने उरलंसुरलं बोलून टाकलं. "पंदरा दिवसांत जेवडा चिखल कदी दिसत नाय तेवडा त्या सांजला दिसंल. फोटो काडायला सांग पावन्यांना."

मी केबिनमध्ये पळत गेले. भिंतीवर भरती-ओहोटीचा छापील तक्ता होता. बुकिंगच्या दिवशी मी तो पाहिला नव्हता असं नाही. पाहिला होता! पौर्णिमेसमोर महिन्यातला सगळ्यात मोठा आकडा होता, तो पाहून मी खूश झाले होते. आकड्याच्या शेजारी वेळ लिहिलेली असते. ती वाचायचे कष्ट मी घेतले नव्हते. मी बोरिवलीहून मार्वेच्या रस्त्याने स्कूटरवर येते. वर्सोव्याच्या बोटीने येत असते तर जेट्टीवर उतरताना रोजच्या रोज पाणी वर-खाली झालेलं दिसलं असतं. पण नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली बाई मी.

आता ही पार्टी इतकी महत्त्वाची का होती, ते सांगते.

तीन आठवड्यांपूर्वी प्रज्ञा खरात माझ्याकडे आली होती. मुलुंडला एका कंपनीत एचआरमध्ये काम करते, घर भांडुपचं. बोलायला एकदम फटकळ. मेनू पाच मिनिटांत संपवला. मग म्हणाली, "मॅडम, मला बाकी काही नको. फक्त पाणी हवं. पायाखाली, भरपूर."

"आहेच की. समुद्र आमचाच," मी म्हटलं. सेल्समध्ये असलं की जीभ अशीच चालते.

मग तिने कारण सांगितलं. तिचे वडील, मधुकर खरात, पालिकेच्या पंपिंग स्टेशनवर ऑपरेटर होते. महिन्याभरापूर्वी रिटायर झाले. पंपिंग स्टेशन म्हणजे काय ते मलाही तेव्हाच कळलं. मोठ्या नाल्यांचं पाणी समुद्रात जातं. पण भरती आली की समुद्रच उलटा नाल्यात घुसतो. तेव्हा दरवाजे बंद करायचे आणि आतलं पावसाचं पाणी पंपाने बाहेर फेकायचं. भरतीच्या वेळी मोठा पाऊस असला की ऑपरेटरने जागेवरून हलायचं नाही. हलला तर वस्त्यांमध्ये पाणी.

"माझा वाढदिवस जुलैत," प्रज्ञा म्हणाली. "लहानपणापासून एकाही वाढदिवसाला पप्पा घरी नव्हते. कायम एकच वाक्य, 'आज भरती आहे.' दहावीच्या निकालाला भरती. दादाच्या ॲडमिशनला भरती. आई ताट झाकून ठेवायची. मला त्या शब्दाचा इतका राग यायचा ना, मी घरात कोणाला बोलू द्यायची नाही तो."

"मग आता समुद्रावरच कशाला नेतेस त्यांना?"

"त्यांनी आयुष्यभर भरती उभ्याने बघितली. मला त्यांना एकदा बसलेलं बघायचंय. खाली पाणी चढतंय, हातात चहा आहे, आणि कुठे जायचं नाहीये."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. तारीख तिनेच सांगितली. पौर्णिमेला तिची आई पांढरी साडी नेसून सकाळी विहारात जाते. संध्याकाळी चंद्र वर आला की सगळ्यांनी मिळून वंदना म्हणायची आणि मग जेवायचं, असं आईच्या मनात होतं. भाऊ पुण्याहून येणार, त्याला तोच एक दिवस मिळत होता. पप्पांना यातलं काहीच माहीत नव्हतं. सरप्राइज.

"पौर्णिमेला पाणी असेल ना नक्की?" तिने जाताना विचारलं होतं.

"पौर्णिमेला तर महिन्यातली सगळ्यात मोठी भरती!" मी छातीठोकपणे सांगितलं होतं.

तर आता मंगळवार होता, आणि माझी वाट लागली होती.

मी नाईक सरांकडे गेले. हे आमचे जनरल मॅनेजर. गोव्याच्या हॉटेलांत वीस वर्षं काढून आलेले, स्वभावाने गोड, आवाज कायम एका पट्टीत. त्यांनी तक्ता बघितला, चष्मा काढला, पुसला, परत बघितला.

"गोव्याला ओहोटी म्हणजे समुद्र चार पावलं मागे जातो," ते म्हणाले. "इथे काय घर सोडून जातो?"

"तसंच दिसतंय, सर."

"क्लायंटला सांगितलं?"

"अजून नाही."

"सांगू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. कठड्याला पडदे लाव, फुलं लाव. आणि खाली निळे एलईडी सोड. निळ्या लाइटमध्ये चिखल पाण्यासारखा दिसतो."

"दिसतो?"

"दिसायला हवा."

गुरुवारी संध्याकाळी आम्ही ट्रायल घेतली. खाडीत तेव्हाही चिखलच जास्त होता. इलेक्ट्रिशियनने बोर्डवॉकच्या खाली निळे लाइट सोडले आणि स्विच दाबला. चिखल निळा झाला. पाण्यासारखा अजिबात दिसला नाही, निळ्या चिखलासारखा दिसला. त्यात शेकडो खेकडे बिळांतून बाहेर येऊन त्या उजेडात तिरके तिरके धावायला लागले. अगदी लग्नाच्या वरातीतले नाचणारे. नाईक सर बराच वेळ ते बघत उभे राहिले.

"बंद कर," ते शेवटी म्हणाले.

खरं सांगायचं तर सरांना न सांगता मी दुपारीच प्रज्ञाला फोन करून, समोरासमोर बोलायचंय, एवढंच सांगून बोलावलं होतं. बावीस वर्षांत या धंद्यात एकच गोष्ट शिकले आहे. गडबड झाली की ती क्लायंटला आपण सांगावी, त्याला स्वतःला दिसायच्या आत. म्हणून ती ऑफिसमधून निघून थेट मढला आली होती, आणि नेमकी त्या निळ्या खेकड्यांच्या वेळीच माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"हे काय आहे?"

"चूक," मी म्हटलं. "माझी."

"तुम्ही म्हणालात महिन्यातली सगळ्यात मोठी भरती!"

"आहे ना. दुपारी साडेबाराला."

ती माझ्यावर ओरडणार असं मला वाटलं. तिचा हक्कच होता. मी घाईघाईने माझे पर्याय मांडायला लागले. आठ दिवसांनी अष्टमीला संध्याकाळी पाणी असतं, तेव्हा करू.

"दादाला सुट्टी नाही. आणि आईची पौर्णिमा आठ दिवस पुढे कशी ढकलू?"

"मग शनिवारीच दुपारी करू. बारा वाजता पाणी काठोकाठ असतं."

"उन्हात? आणि चंद्र कुठून आणू?"

"मग लॉनवर घेऊ. शेजारी स्विमिंग पूल आहे, लाइट लावले की..."

"पप्पांना स्विमिंग पूल दाखवू?" असं म्हणून ती अचानक खाली फळ्यांवर बसली. मला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती, आणि ते हसणं काही बरं नव्हतं. "मॅडम, तुमचं जाऊ द्या हो. तुम्ही चार महिन्यांपूर्वी आलात. आमच्या घरात कॅलेंडरच्या शेजारी भरतीचा तक्ता टांगलेला असतो. दर वर्षी नवा. मी त्याच्याखाली बसून जेवले, अभ्यास केला, मेंदी काढली. एकदा, एकदा जरी वाचला असता तर पौर्णिमेच्या संध्याकाळी पाणी नसतं हे मला कळलं असतं. पण मला त्याचा रागच इतका होता."

मी तिच्या शेजारी बसले. फळ्या नव्या असल्यामुळे साडीला पॉलिशचा डाग पडला, तो अजून आहे.

"पप्पांना फसवता नाही येणार," ती म्हणाली. "त्यांना नुसती तिथी आणि वेळ सांगितली की पाणी कुठवर आलंय ते घरबसल्या सांगतात. इथे पाऊल ठेवल्या ठेवल्या कळेल त्यांना. म्हणतील, पोरीला एवढंही कळलं नाही. एवढी वर्षं मी काय करत होतो तेच हिला माहीत नाही."

तिला खरं भय या गोष्टीचं होतं. पाणी गेलं खड्ड्यात.

शेवटी ठरलं असं की पार्टी बोर्डवॉकवरच. टोकाच्या चौथऱ्याला तिन्ही बाजूंनी पांढरे पडदे. पाहुण्यांना आतल्या बाजूला तोंड करून बसवायचं. वर चंद्र दिसेल, खालचं काही दिसणार नाही. वासासाठी मोगऱ्याच्या माळा आणि उदबत्त्या. अगदीच ढोंग होतं, पण दोघींनाही दुसरं काही सुचत नव्हतं. शेफला मी सांगितलं की आईंसाठी जेवण शाकाहारी, आणि ते आधी वाढायचं.

शनिवारी सव्वासहाला खरात मंडळी आली. पुढे प्रज्ञा, मागे पुण्याचा भाऊ आणि त्याची बायको, मुलं, दोन मावश्या आणि त्यांच्या घरची मंडळी. आई पांढऱ्या साडीत, हातात मेणबत्त्यांची पिशवी. सगळ्यात शेवटी पप्पा. बारीक चणीचा, इस्त्रीचा बुशशर्ट घातलेला माणूस. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. वर्षानुवर्षं दरवाज्याचं चाक फिरवताना काच फुटू नये म्हणून तसं बांधायची सवय, असं मला नंतर कळलं.

"जय भीम, ताई," ते मला म्हणाले.

"जय भीम, काका. या ना. इकडून."

बोर्डवॉकवर दहा पावलं चालून ते थांबले. माझा मोगरा, माझ्या उदबत्त्या, सगळं ओलांडून त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला.

"खाडी," ते म्हणाले. मग मनगट वळवून बघितलं. "सहा वीस."

प्रज्ञाने माझ्याकडे बघितलं. मी चौथऱ्याकडे बघितलं. नाईक सर दूर लॉनवर उभे होते, त्यांनी कुठेच बघितलं नाही.

"पप्पा, तिथे खुर्ची आहे, आधी बसा ना," प्रज्ञा म्हणाली.

पप्पा बसले नाहीत. ते सरळ पडद्यापाशी गेले. प्रज्ञा त्यांच्या आणि पडद्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली, लहान मुलं फुटलेली बरणी पाठीमागे लपवतात तशी.

"प्रज्ञा, सर बाजूला."

ती सरली. त्यांनी पडदा उचलला.

हिराबाई म्हणाली होती त्याहून जास्त चिखल होता. लांबवर नुसता ओला, चमकता काळा गाळ. मधोमध पाण्याची एक बारीक धार. होड्या कुशीवर कलंडलेल्या. बगळे सावकाश पावलं टाकत होते. समोर पार तिकडे मालाडच्या टॉवरांमागून चंद्र नुकताच वर निघाला होता, पितळी परातीसारखा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुढे झाले.

"काका, चूक माझी आहे. प्रज्ञाने तुमच्यासाठी पाणी मागितलं होतं. मी वेळ न बघता..."

"पाणी?" त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. "पाणी काय करायचंय?"

ते परत खाली गाळाकडे बघायला लागले.

"पाणी बघून बघून डोळे गेले हो माझे," ते म्हणाले. "भरती म्हणजे माझी ड्युटी. एक बोट पाणी चढलं की नजर दरवाज्यावरून हलायची नाही. लोकांना समुद्र बघायला आवडतो. मला तो जाताना आवडतो." मग ते प्रज्ञाकडे वळले. "ओहोटी लागली, दरवाजे उघडले की पुढच्या पाळीच्या रिलीव्हरला चार्ज द्यायचा आणि निघायचं. ओहोटी म्हणजे घरी जायची वेळ, बेटा."

प्रज्ञाचा चेहरा बघवत नव्हता.

"पण घरी पोचायचो तेव्हा तुम्ही पोरं झोपलेली असायचात. तुझ्या वाढदिवसाला केकचा एक तुकडा ताटाखाली असायचा, तो खायचो आणि तुझ्याकडे बघत बसायचो. आज ओहोटी आहे," ते म्हणाले, "आणि तुम्ही सगळे जागे आहात."

प्रज्ञा त्यांच्या गळ्यात पडली. मोठी एचआरवाली बाई, लोकांना कामावरून काढते, आणि हमसून हमसून रडत होती. "मला माहीतच नव्हतं पप्पा, मी तो तक्ता कधी वाचलाच नाही," असं काहीतरी बोलत होती. पप्पा तिच्या पाठीवर थोपटत होते. "बरं झालं नाही वाचलास. वाचला असतास तर आज इथे आणलं नसतंस."

आई मात्र रडल्या नाहीत. त्यांनी मेणबत्त्या काढल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, ते पडदे आधी काढून टाका. आणि एक सांगून ठेवते. आज ह्यांचं ताट कुणी झाकायचं नाही. तीस वर्षं झाकलं मी."

पडदे काढले. चंद्र वर आला तशी सगळी उभी राहिली आणि आईंच्या मागून वंदना म्हणाली. मी आणि वेटर मंडळी बाजूला हात जोडून उभे होतो. नाईक सरही हळूच येऊन मागे उभे राहिले. त्यानंतर काकांनी नातवंडांना कठड्याशी नेलं. कुठलं बीळ खेकड्याचं, पाणी कुठून शिरणार, गाळावरच्या रेघा कशाने उमटल्या, सगळं दाखवलं. मुलांनी फोन बाजूला ठेवून ते ऐकलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. जेवण गरम होतं, ताट उघडं होतं, आणि काका सावकाश जेवले. आमच्या शेफने पाठवलेली सोलकढी त्यांनी तीन वेळा मागितली.

मला वाटलं, झालं, सुटलो. पण अजून एक गोष्ट राहिली होती.

नऊच्या सुमाराला चहा आला. तेवढ्यात खालून आवाज यायला लागला. चुळुक, चुळुक. पाणी परत फिरलं होतं आणि पुढच्या खांबांना लागत होतं. गप्पांच्या नादात कोणाच्या लक्षात आलं नाही. काकांच्या आलं. मी समोरच उभी होते, म्हणून मला दिसलं. बोलता बोलता ते थांबले. मनगट वळवलं, घड्याळ बघितलं. चहाचा कप खाली ठेवला आणि दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकून ते अर्धे उठले. कुठे निघालो आहोत ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. शरीरच उठलं.

प्रज्ञाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पप्पा, बसा. ड्युटीवर दुसरा माणूस आहे."

ते तसेच अर्धवट उभे राहिले. खाली पाणी वाजत होतं. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं, ओशाळं हसले आणि बसले. प्रज्ञाने कप उचलून त्यांच्या हातात दिला. चौथऱ्याखालचा चिखल हळूहळू झाकला गेला, चंद्र पाण्यात उतरला, आणि खरात काका खुर्चीला पाठ टेकून चहा पीत राहिले. तिने मागितलं होतं ते तिला मिळालं, मी मात्र त्यासाठी काडीचंही काही केलं नव्हतं.

सोमवारी हिराबाई आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "पानी जातं आनि येतं गो. तुला काय वाटलं, चोरीला गेलं?" आणि पापलेटांवर बर्फ टाकायला लागली.

आता माझ्या प्रत्येक फंक्शन शीटवर 'पाण्याची वेळ' असा एक रकाना असतो. तो भरताना मी तक्ता बघते आणि वर हिराबाईलाही विचारते. नाईक सरांनी माहितीपत्रकावर फोटोच्या खाली बारीक अक्षरात 'भरतीच्या वेळी' असे शब्द घातले आहेत. निळे एलईडी आम्ही लॉनवर वापरतो. धडा म्हणाल तर एवढाच, की आकडा वाचला तर शेजारची वेळही वाचावी. शिकायला फार मोठा नाही, पण मला पन्नाशीत शिकावा लागला.

पुढच्या आठवड्यात प्रज्ञाने कुरियरने एक गुंडाळी पाठवली. यंदाचा भरतीचा तक्ता. रिटायर झाले तरी काकांनी जानेवारीत सवयीने आणून घरी टांगला होता. प्रत्येक पौर्णिमेसमोरची संध्याकाळची वेळ त्यांनी लाल पेनने अधोरेखित केली होती. सोबत प्रज्ञाची चिठ्ठी होती: "मॅडम, पप्पा म्हणाले तुम्हाला याची गरज आहे. आमच्या भिंतीवर आता फक्त कॅलेंडर आहे."